हुमणाच्या भांड्यातला घास

त्या बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बघता बघता झोपून गेल्या. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, थांबत थांबत त्या आमच्या खोलीपर्यंत आल्या, खुर्चीत बसल्या, आणि मॅडमनी फाईल उघडेपर्यंत त्यांची मान छातीवर उतरली. श्वास घरघरत आत जायचा आणि मध्येच थांबायचा. तो थांबला की मीही माझा श्वास धरून बसायचे. मग पाण्याखालून डोकं बाहेर काढावं तशा त्या एकदम वर यायच्या आणि आमच्याकडे बघून ओशाळं हसायच्या.

"मांय, जागी रव गो," सून म्हणाली, आणि आमच्याकडे वळून, "घरात खुर्ची, बसमध्ये खुर्ची, हांगाय खुर्ची. आमच्या मांयचां खुर्चीवांगडा लगीन लागलां."

"गो मेले, तुझां लागांदी," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या. दोघी हसल्या. त्या हसण्यामुळे मला त्या दोघी आवडल्या, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या आवडण्याचा भाग किती होता ते मला अजून ठरवता येत नाही.

मी पणजीजवळच्या एका हॉस्पिटलात आहारशास्त्राची उमेदवारी करत होते. साखळीहून सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळी यायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मी काय शिकते ते माझ्या आईला नीट सांगता यायचं नाही. शेजाऱ्यांनी विचारलं की ती म्हणायची, "हास्पिटलात लोकांक जेवूक शिकयता." मग शेजारीण हमखास म्हणायची, "जेवूक शिकवचां लागता?" आणि आई माझ्याकडे बघायची.

मलाही आधी वाटायचं, आपलं काम म्हणजे तक्ता लिहून देणं. हे खा, ते नको. पण आमच्या आहारतज्ज्ञ मॅडमच्या हाताखाली वजनाच्या शस्त्रक्रियेचे पेशंट बघायला लागले तेव्हा कळलं, इथे तक्ता शेवटी येतो. आधी येतो एक प्रश्न. सर्जन फोनवर तोच विचारायचे, "तयार आहे का?" मॅडम नाही म्हणाल्या तर ते थांबायचे. पोट कापून लहान करणं त्यांचं काम. त्या मुठीएवढ्या पोटासोबत माणूस उद्या, परवा, दहा वर्षांनी कसा जेवेल, ते आज ओळखायचं हे आमचं. इतकी मोठी गोष्ट कोणाच्या चेहऱ्यावरून कशी ओळखायची, ते कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नाही.

मॅडमनी बाईंना विचारलं, "मावशी, ऑपरेशन कशासाठी हवंय?"

बहुतेक लोक गुडघे सांगतात, साखर सांगतात. त्या म्हणाल्या, "माका आडवी पडान निजाक जाय."

आडवी पडून झोपायचंय. मॅडमचं पेन थांबलं.

त्या मोरजीच्या. आडव्या झाल्या की छातीवर कोणीतरी बसल्यासारखं व्हायचं, श्वास बंद पडायचा. डॉक्टरांनी नाकाला लावायचं मशीन दिलं होतं, ते लावलं की त्यांना बुडाल्यासारखं वाटायचं. म्हणून त्या खुर्चीत बसून, समोरच्या मेजावर उशी ठेवून, तिच्यावर कपाळ टेकून झोपायच्या. मुलाच्या लग्नाआधी त्या शेवटच्या आडव्या झोपल्या होत्या, आता त्याची पोरगी शाळेत जात होती.

"सपनांसुद्धा अर्धीच पडतत गो बाय," त्या मला म्हणाल्या, मॅडमना नाही. "कोण तरी दारात येता. उन्हात उभी रवता. कोण ती म्हणान बघूक जातंय, तेवढ्यात श्वास अडकता, जाग येता. सदांच."

त्या दिवशी बसमध्ये खिडकीला डोकं लावून मी त्या दाराचा विचार करत राहिले. बाहेर मांडवी, पलीकडे दिवाडी बेटाची झाडी, सगळं पाण्यात उलटं. आपण रोज झोपतो आणि त्याचं काहीच वाटत नाही.

मॅडमनी त्यांना सराव दिला. लहान ताटली. लहान चमचा. आधी मासा, मग भाजी, भात शेवटी आणि थोडा. प्रत्येक घास पातळ होईपर्यंत चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा. जेवताना पाणी नाही. अर्धा तास. आणि पोट भरलं असं पहिल्यांदा वाटेल तिथे थांबायचं, ताटलीत काही उरलं तरी.

"उपास करूक येता माका," बाई म्हणाल्या. "सोमवार करतंय, एकादशी करतंय. तां माका नवीन न्हय."

मला ते ऐकून बरं वाटलं. इतके उपास करणारी बाई म्हणजे तयारच की, असं मला वाटलं आणि त्या गेल्यावर मी तसं म्हटलंही. मॅडम म्हणाल्या, "उपास म्हणजे न जेवणं. ते पुष्कळांना जमतं. जेवता जेवता थांबणं फार थोड्यांना."

रोज दुपारी सुनेच्या फोनवरून फोटो येऊ लागले. निळ्या काठाची लहान ताटली, त्यात बांगड्याचा तुकडा, पडवळाची किंवा तांबड्या भाजीची एक मूठ, भाताचा लहानसा डोंगर. शेजारी चहाची कुलेर, तोच तो लहान चमचा. कधी कोपऱ्यात बाईंचा हात यायचा, आणि खाली सुनेने लिहिलेलं असायचं, "हात काढ म्हटलां तरी काढना." मी ते फोटो मॅडमना दाखवायचे आणि मनातल्या मनात त्या बाईंना आडवं झोपवायचे.

दिवाळीनंतर त्या परत आल्या. काटा जिथे होता तिथेच, उलट किंचित वर.

मॅडमनी एकेक गोष्ट पुन्हा विचारली. चहा, साखर, पेज, पाव, मधल्या वेळचं खाणं. बाईंनी सगळ्याची सरळ उत्तरं दिली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मावशी, आत्ता नाही."

"कित्याक?"

"कुठेतरी काहीतरी पोटात जातंय आणि ते आपल्याला दिसत नाही. ऑपरेशननंतर तेच जात राहिलं तर उलट्या होतील, दुखेल. आणि हळूहळू वजनही परत येईल. ते काय आहे ते दिसेपर्यंत मी सर्जनना हो सांगणार नाही."

"फोटू काय खोटे?" सून तडकली. "मी स्वता काढलंय."

"खोटे नाहीत."

"मगे?"

मॅडमनी फाईल मिटली. थोड्या वेळाने बघितलं तर बाईंची मान पुन्हा खाली गेली होती. या वेळी त्या वर आल्या तेव्हा हसल्या नाहीत.

त्या गेल्यावर मी धीर करून म्हटलं, "मॅडम, त्या खोटं बोलत नाहीत."

"मलाही तसंच वाटतं. तू एकदा घरी जाऊन ये. तुम्हा मुलांना घरभेट करायचीच असते ना? शिकवायला जाऊ नकोस. नुसती बघ."

म्हणून मी मोरजीला गेले. साखळीहून म्हापसा, तिथून दुसरी बस, शिवोलीचा पूल. पुलावर आल्यावर बसमधलं बोलणं आपोआप कमी होतं असं मला नेहमी वाटतं, खालचं पाणी इतकं रुंद आहे. पलीकडे मोरजीच्या रस्त्यावर भाड्याच्या स्कूटरी, सुरूची झाडं, त्यांच्यामधून चमकणारा समुद्र. बाईंच्या घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या होत्या. दोरीवर कुणा परक्या माणसाचे रंगीत कपडे वाळत होते आणि त्यांच्याखाली कोंबड्या फिरत होत्या.

बाई स्टुलावर बसून रांधत होत्या. मातीच्या भांड्यात बांगड्यांचं हुमण, आमची नारळाची माशाची आमटी. तिरफळांचा वास अंगणापर्यंत आला होता.

"दिवचलची मां तू?" त्यांनी विचारलं. डिचोलीला आमच्या बोलीत दिवचल म्हणतात, आणि साखळी त्याच तालुक्यात. मी हो म्हटलं. त्यांनी ओगराळ्याने भांड्याच्या काठावर टकटक केलं. "ह्यां भांडां तुमच्याच गावचां. ल्हान आसताना माझ्या आवयच्या घरा दिवचलची मडकीवाली येय, माथ्यार येवढी चळत घेवन. आता बाजारातसून हाडचां पडता."

मग बाईंचा नवरा आणि मुलगा समुद्रावरून आले. नात शाळेतून आली. बाईंनी सगळ्यांना वाढलं. मला नको नको म्हणत असताना माझं ताट भरलं.

"हांगा येवन उपाशी बसतली? डाक्टरीण जाली तरी पोट आसा मगो?"

"मी डॉक्टर नाही, मावशी."

"मगे तर जेवूकच जाय."

सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी आपली निळ्या काठाची ताटली घेतली. सुनेने फोटो काढला, फोनवर अर्ध्या तासाची घंटा लावली. आणि बाई जेवायला लागल्या. इतकं हळू, इतकं मन लावून जेवणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. माशाचा एक कण, कुलेर खाली, नजर खिडकीबाहेर, जबडा संथ हलतोय. दुपार जणू त्यांच्या तोंडात विरघळत होती. घंटा वाजली तेव्हा ताटलीत थोडा भात उरला होता. त्यांनी ताटली पुढे सारली. मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणीच आलं.

नंतर आवराआवर सुरू झाली. सून ताटं उचलत होती, मी मदतीला उठले. आम्ही नातीच्या शाळेबद्दल बोलत होतो, माझ्या बसबद्दल बोलत होतो. मग मी निघाले. सांगण्यासारखं काही दिसलं नाही, ही खंत मनात होती. मॅडमना काय सांगू?

परतीच्या बसमध्ये मला झोप लागली. पूर्ण नाही. बस वळली की जाग यायची, पुन्हा डोळे मिटायचे. त्या अर्धवट झोपेत मला आमच्या घरची मोरी दिसली. तिथे आई पाठमोरी उभी. तिच्या हातात हुमणाचं रिकामं भांडं. त्यात ती मूठभर भात टाकते, बोटांनी भांड्याच्या कडा पुसत कालवते, उभ्या उभ्या खाते. खाली बसलेला दाट मसाला, माशाचा सुटलेला एखादा तुकडा. हे मी लहानपणापासून बघत आले आहे. मग आई वळली आणि तो चेहरा मोरजीच्या बाईंचा होता.

मी खाडकन जागी झाले. शेजारच्या माणसाने विचारलं, "थांबो चुकलो?"

थांबा चुकला नव्हता. दुपारी, ताटं उचलताना, बाई उठल्या होत्या. त्यांनी ते मडकं कुशीत घेतलं होतं, त्यात भात कालवला होता, खिडकीला टेकून डोळे मिटून खाल्ला होता. एकदा, मग पुन्हा एकदा. आणि भाताचं टोप त्यांच्याकडे मीच सरकवलं होतं. मी ते सगळं बघितलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. मॅडमनी पेजेबद्दल विचारलं, पावाबद्दल विचारलं, पण हे विचारायचं कोणाला सुचेल? आमच्याकडे ते जेवणात धरत नाहीत. ती भांडी आवरण्याची पहिली पायरी.

घरी आले तर आई नेमकी तेच करत होती. मी दारात उभी राहून बघत राहिले.

"आई, हे तू जेवल्यानंतर रोज खातेस?"

"काय खातंय?"

"हे, भांड्यातलं."

"ह्यां खाणां?" ती हसली. "भांडां पुसतंय. इतको चांगलो रोस मोरीत सोडू? इतकी कॉलेजां करून ह्यां शिकलंस?"

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगायला माझी जीभ रेटेना. सांगितलं तर त्या बाईंची झोप आणखी लांब जाईल. नाही सांगितलं तर काय होईल, तेही मला ठाऊक होतं. सगळी सकाळ मी तक्ते लिहीत राहिले. शेवटी मॅडमनीच विचारलं आणि मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माझी सासू असंच करायची." आणि थोड्या वेळाने, "त्यांना बोलाव. पण बोलायचं तू."

बाई आल्या. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं, समोर बसल्यावर सगळं विसरले. कसंबसं म्हटलं, "मावशी, जेवण झाल्यावर मडक्यात भात कालवता ना, ते..."

"तां जेवण न्हय गो. तां भांडां."

"पण ते पोटात जातं."

सून तोंडावर हात ठेवून हसायला लागली, आणि मग सासूचा चेहरा बघून थांबली. त्या खोलीत पहिल्यांदाच बाई पूर्ण जाग्या होत्या.

"ताटातलां सगळ्यांचां," त्या हळू म्हणाल्या. "कोणाक किती, कोणाक डोक्याकडचो तुकडो, कोणाक शेपटी, तां बघून वाढचां लागता. ताटलीतलां डाक्टरांचां. भांड्यातलां माझां."

लहानपणापासून मी आईला पाठमोरी पाहिलं होतं, तेव्हा ती एकटीच असायची. तिला त्या वेळी हाक मारली तर ती पटकन वळायची नाही, हे मला तिथे त्या खुर्चीत बसून आठवलं.

मॅडम मदतीला येतील असं मला वाटलं, त्या आल्या नाहीत. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं.

"तां सोडलां की आडवी पडूक मेळतलां?" बाईंनी विचारलं.

"नक्की नाही सांगता येत," मी म्हटलं. "पण ते सोडल्याशिवाय नाही."

त्या खिडकीकडे बघत राहिल्या, घरी जेवताना बघत होत्या तशा. मग एकदम मॅडमकडे वळल्या. "मगे ताटली नाका."

"म्हणजे?"

"ताटली सोडतंय. भांडां मात्र सोडूचंय ना. हुमण सगळां दुसऱ्या भांड्यात काढून सगळ्यांक घालतंय. रिकाम्या मडक्यात माझो मासो, तितकोच भात, तुमच्या कुलेरीन मापून. घांट लावन, बसान खातंय. दुसरां कायच ना."

सून म्हणाली, "फोटू मडक्याचो काढू?"

"मडक्याचो काढ. सगळो काळोच दिसतलो." 

मॅडम हसल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, "आणि उरलं तर?"

बाईंना याचं उत्तर लगेच देता आलं नाही. ताटलीतलं उरवणं त्यांना कधीच जड गेलं नव्हतं, ते मला तेव्हा समजलं. मडक्यातलं उरवणं ही वेगळी गोष्ट होती.

त्यानंतर रोज दुपारी माझ्या फोनवर एका काळ्या मडक्याचा आतला भाग येऊ लागला. मध्ये भाताचा पांढरा ठिपका, माशाचा तुकडा. विहिरीत चंद्र पडावा तसं ते दिसायचं. सुरुवातीला घंटेनंतरचा फोटोही सून पाठवायची, त्यात मडकं लख्ख पुसलेलं असायचं. मॅडम बघायच्या आणि फाईलमध्ये लिहून ठेवायच्या. काटा मात्र खाली यायला लागला होता.

एका दुपारी फोटोच आला नाही. उशिरा फोन वाजला, बाई स्वतः बोलत होत्या.

"एक घास उरलो गो बाय. पोट भरलां असां वाटलां. मसालो लागलेलो, तिरफळाचो, बरोसो घास. कावळ्याक घातलो."

"घातलात?"

"जीव गेलो माझो. पण घातलो. मेलो कावळो बघून उडान गेलो, मगे कोंबडीन खाल्लो."

मी धावत मॅडमकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. अजून काही आठवडे जाऊ दिले. मडक्यात रोज थोडं उरत गेलं. मग एक दिवस सर्जनचा फोन आला तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हो. तयार आहे." तयार असणं म्हणजे काय, ते मला आताही कुणाला नीट सांगता येणार नाही. इतकंच वाटतं की ते उपासासारखं नसतं. आपल्या सगळ्यात आवडत्या गोष्टीच्या शेजारी बसून, तिला थोडं उरू देण्यासारखं काहीतरी असतं.

ऑपरेशन नीट झालं. आधी नुसतं पातळ, मग मऊ कुस्करलेलं, मग मासा. बाई फोनवर कुरकुरायच्या, सून मागून त्यांची नक्कल करायची. उन्हाळा चढला तेव्हा मी पुन्हा मोरजीला गेले, या वेळी कोणी पाठवलं नव्हतं.

दुपार होती. अंगणात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांचा आंबट वास. सून दारातच भेटली, तोंडावर बोट ठेवून.

"निजली आसा," ती कुजबुजली. "आता दिसभर निजता. भांडी कोणी घासूची? मी. आणि तां मडक्यातलां कोण खाता ठावक आसा? तांय मीच."

"खाऊ नकोस हां," मी म्हटलं.

"तुझ्या म्हाताऱ्याची..." ती म्हणाली आणि तोंड दाबून हसत आत गेली.

व्हरांड्यात चटई घातली होती. बाई तिच्यावर आडव्या होत्या, एका कुशीवर, हात गालाखाली. श्वास आत जात होता आणि बाहेर येत होता. मी थांबून ऐकलं. मध्ये कुठेच अडत नव्हता. सुरूच्या झाडांमधून येणारा समुद्राचा आवाज आणि तो श्वास, काही वेळाने मला त्यातला फरक कळेनासा झाला. मी पायरीवर बसून राहिले. कोपऱ्यात त्यांची खुर्ची होती आणि तिच्यावर एक मांजर झोपलं होतं.

ऊन पायरीवरून खाली सरकलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. अजून झोपेतल्याच आवाजात त्या म्हणाल्या, "ती कोण ती कळलां गो आज. सपनातल्या दारातली."

"कोण होती?"

"तुमच्या दिवचलची मडकीवाली. माथ्यार चळत घेवन उन्हात उभी." त्या उठून बसल्या नाहीत, तशाच आडव्या राहिल्या. "म्हटलां तिका, उतर तां वझां. बस मगे जरा सावलेक."

"बसली?"

"बसली," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे पुन्हा मिटले.